सातवी पायरी आणि साडेचार मीटर

पावसाळ्याच्या तोंडावर वाचकांकडून पूर आणि उधाणाच्या पूर्वतयारीविषयी प्रश्न मागवले होते. अपेक्षेपेक्षा जास्त पत्रे आली आणि त्यांतली बहुतेक मुंबईच्या किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांतून आणि गावठाणांतून आली, हे विशेष. शहरात राहूनही ही वस्ती गावच आहे, आणि पाणी तिच्यात दोन बाजूंनी शिरते: समोरून समुद्राचे, मागून नाल्याचे. सर्व पत्रांना उत्तर देणे जागेअभावी शक्य नाही. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही वेसाव्याला (वर्सोव्याला) धक्क्याजवळच्या गल्लीत राहतो. माझे सासरे ऐंशीच्या घरात आहेत. तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, म्हणून त्यांचे आयुष्य समुद्रात गेले. धक्क्याची सातवी पायरी पाण्याखाली गेली की ते घरात येऊन तांदळाची पिंपे उचलायला सांगतात. माझा मुलगा मोबाइलवर भरतीची उंची बघतो आणि ‘आज चार पूर्णांक दोनच आहे, काही होत नाही’ म्हणतो. दोघांचे रोज वाजते. आम्ही कोणाचे ऐकावे?

उत्तर : आपल्या घरात दोन मोजपट्ट्या आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत, मात्र त्या मोजतात वेगवेगळ्या गोष्टी. मोबाइलवर दिसणारी भरतीची उंची आपल्या गल्लीपासून किंवा धक्क्यापासून मोजलेली नसते. ओहोटीचे पाणी सहसा ज्या पातळीच्या खाली उतरत नाही, ती पातळी शून्य धरून तिच्यावर पाणी किती चढेल, याचे ते गणित असते आणि ते चंद्र-सूर्याच्या स्थितीवरून बरेच आधी मांडून ठेवलेले असते. त्या दिवशी वारा कसा आहे, समुद्र किती खवळला आहे, हवेचा दाब किती उतरला आहे, यांतले काहीही त्या आकड्यात नसते. दाब एक मिलीबारने उतरला की समुद्राची पातळी साधारण एक सेंटीमीटर वर येते. कमी दाबाचा पट्टा जवळ असेल आणि नैर्ऋत्येचा वारा पाणी किनाऱ्याकडे रेटत असेल, तर कागदावरची ४.२ मीटरची भरती प्रत्यक्षात बरीच उंच चढू शकते. आपल्या सासऱ्यांची सातवी पायरी हे सगळे मिळून झालेले पाणी दाखवते. मुलाचा आकडा उद्याचे आणि परवाचे सांगतो, पायरी आत्ताचे सांगते. तेव्हा दोघांपैकी एकाचे मत मोडीत काढण्याऐवजी दोघांना एका वहीपाशी बसवावे, हे उत्तम.

ती वही कशी असावी, हे थोडे सविस्तर सांगतो, कारण वाडीच्या पूर्वसूचनेची सुरुवात येथूनच होते. प्रत्येक मोठ्या भरतीला चार गोष्टी लिहाव्यात: कागदावरची उंची व वेळ, प्रत्यक्षात बुडालेली पायरी, त्या वेळी पाऊस होता की नव्हता, आणि पाणी गल्लीत कोणत्या ओट्यापर्यंत आले. एका पावसाळ्यात अशा वीस-पंचवीस नोंदी सहज होतात. मग सातव्या पायरीनंतर गल्लीतल्या गटाराला उलटे पाणी लागायला किती मिनिटे मिळतात, हे अंदाजाने सांगावे लागत नाही. तीन-चार पायऱ्यांवर पिवळा, केशरी आणि लाल रंग लावला की शाळेत जाणारे पोरही पातळी ओळखते.

मोबाइल बंद पडला तर वेळेचा हिशेब जुन्या पद्धतीनेही जमतो. तिथीच्या आकड्याला तिनाने गुणावे आणि चाराने भागावे. येईल तो आकडा भरतीच्या वेळेचा. अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. हा हिशेब ढोबळ असून प्रत्यक्ष वेळ पाऊण-एक तास पुढेमागे होते, तरीही त्यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे येणारी उधाणाची भरती मुंबईत दुपारी आणि मध्यरात्रीच्या सुमारास येते. अष्टमीच्या सुमाराची भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती सकाळी आणि संध्याकाळी येते. त्यातही जून-जुलैमध्ये दिवसाची भरती रात्रीच्या भरतीहून मोठी असते. म्हणजे पाणी सर्वांत वर असते, तेव्हा वाडीतल्या बायका बाजारात आणि मुले शाळेतून परतीच्या वाटेवर असतात. आपल्या घरातली पिंपे कोण उचलणार, हे या वेळेचा विचार करून ठरवावे.

सासऱ्यांना एक गोष्ट मात्र आदराने सांगावी लागेल. धक्क्याची दुरुस्ती झाली, खाडीत गाळ चढला किंवा गल्लीत नवे काँक्रीट पडून ती वीतभर उंच झाली, की पायरीचा जुना हिशेब बदलतो. आपल्याकडे दर दोन-चार वर्षांनी रस्ता वर येतो आणि घराचा उंबरठा खाली जातो. हा मुंबईच्या गावठाणांचा जुना दुखणाईतपणा आहे. काम झाल्यावर पहिल्याच उधाणाला पायरी आणि ओटा यांचा मेळ पुन्हा घालून पाहावा.

प्रश्न : ‘ऑरेंज अलर्ट’, ‘रेड अलर्ट’ असे संदेश पावसाळाभर येतात आणि बहुतेक वेळा आमच्याकडे ऊन पडलेले असते. लोक आता हसतात. या इशाऱ्यांचा आम्हाला नेमका उपयोग काय? (वरळी कोळीवाडा आणि मालाड येथून दोन पत्रे)

उत्तर : लोक हसतात याचा दोष एकट्या लोकांना देता येणार नाही. भारतीय हवामान विभागाचा रंग संपूर्ण जिल्ह्यासाठी असतो, आणि मुंबईचा पाऊस जिल्हा पाहून पडत नाही. २६ जुलै २००५ हे त्याचे टोकाचे उदाहरण. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस नोंदवला गेला आणि त्याच काळात कुलाब्याला जेमतेम ७४ मिलीमीटर. अंतर वीस-पंचवीस किलोमीटरचे. त्या दिवशी कुलाब्याच्या माणसाला कोणी लाल इशारा दिला असता, तर तोही हसला असता.

रंगांचा अर्थ किती पाऊस पडेल एवढाच नाही, तर काय करावे असाही आहे. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. पावसाच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलीमीटरपासून ‘मुसळधार’, ११५.६ पासून ‘अति मुसळधार’ आणि २०४.४ च्या पुढे ‘अतिवृष्टी’ची सर्वांत वरची पायरी. पण वरळीच्या टोकावरच्या घराला २४ तासांच्या बेरजेपेक्षा तो पाऊस कोणत्या तासांत पडतो, हे जास्त महत्त्वाचे. शहराच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्या ताशी २५ मिलीमीटर पाऊस, तोही ओहोटीच्या वेळी, वाहून नेण्याच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या. भरती चढली की अनेक नाल्यांची तोंडे समुद्राच्या पातळीखाली जातात आणि पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. पाणी उपसून बाहेर टाकणारी उदंचन केंद्रे उभारली गेली ती यासाठीच. १५० मिलीमीटर पाऊस ओहोटीत पडला तर तक्रार होते. तोच भरतीच्या तीन तासांत पडला तर घरात पाणी येते.

म्हणून माझी सूचना अशी की, रंग एकटा वाचू नये. रंग केशरी किंवा लाल आहे, महापालिकेने जाहीर केलेली भरती साडेचार मीटरच्या वर आहे, आणि पावसाचा जोर भरतीच्या वेळेशी जुळतो आहे, अशा तीन गोष्टी एकत्र आल्या की वाडीने आपला स्वतःचा इशारा द्यावा. तिसऱ्या गोष्टीसाठी हवामान विभागाचा पुढच्या तीन तासांचा अंदाज पाहावा. तो दिवसाच्या अंदाजापेक्षा बराच नेमका असतो. याशिवाय केंद्रीय भूविज्ञान मंत्रालय आणि महापालिका यांनी जून २०२० मध्ये ‘आयफ्लोज मुंबई’ ही पूरइशारा प्रणाली सुरू केली असून, कोणत्या भागात किती पाणी साचेल याचा अंदाज ती देते. आपल्या वॉर्डाच्या आपत्ती कक्षाकडे त्या अंदाजाची चौकशी करण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. आपण विचारत नाही, म्हणून सांगितलेही जात नाही.

आणि चुकलेल्या इशाऱ्याविषयी. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ मुंबईवर येणार म्हणून शहर दारे-खिडक्या लावून बसले, आणि ते अलिबागच्या बाजूला किनाऱ्यावर आले. मुंबईत ‘फुकट घाबरवले’ असे म्हणणारे पुष्कळ भेटले. श्रीवर्धन, मुरूड, दापोलीच्या बागांमध्ये आडवी पडलेली सुपारी आणि नारळ पाहिलेल्या माणसाने तसे म्हटले नसते. वादळ कोठे लागेल याचा अंदाज काही किलोमीटरने सरकतोच. आपण त्या काही किलोमीटरच्या आत आहोत की बाहेर, हे आधी कळत नाही, म्हणूनच तर इशारा.

प्रश्न : मनोरीच्या आम्ही काही तरुणांनी व्हॉट्सॲप गट काढला आहे. त्यात दोनशे सभासद आहेत. पूर किंवा वादळाच्या सूचनेसाठी एवढे पुरेसे आहे का? नसल्यास आणखी काय करावे?

उत्तर : गट काढलात, हे उत्तम केलेत. पण वादळात सर्वांत आधी वीज जाते, तिच्यापाठोपाठ मोबाइलचा टॉवर, आणि दोनशे सभासदांत गावातली सत्तरीची आजी बहुधा नसते. १७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ वादळ मुंबईच्या समोरून समुद्रातूनच गेले आणि रात्री गुजरातच्या किनाऱ्याला लागले; येथे ते जमिनीवर आलेही नाही, तरी कुलाब्याला ताशी शंभर किलोमीटरहून वेगाचे वारे होते आणि सांताक्रूझला एका दिवसात २०० मिलीमीटरहून अधिक पाऊस झाला, तोही मे महिन्यात. अशा दिवशी संदेश मिळेल, पण तो वाचण्याइतका चार्ज फोनमध्ये असेल याची खात्री नाही.

आवाज हवा. २००४ च्या त्सुनामीच्या दिवशी पुद्दुचेरीजवळच्या नल्लवाडू या मच्छीमारांच्या गावात जे घडले, ते आपल्या गटातल्या प्रत्येकाला सांगावे. सिंगापूरला असलेल्या गावच्याच एका मुलाने तेथल्या बातम्या पाहून घरी फोन केला. गावात एम. एस. स्वामिनाथन संशोधन संस्थेने सुरू केलेले माहिती केंद्र होते, आणि तेथून रोज समुद्राच्या स्थितीची घोषणा होत असे. गावकऱ्यांनी केंद्राचे दार फोडले, भोंग्यावरून इशारा दिला आणि गाव वेळेत रिकामे झाले. भोंगा रोज वाजत होता, आवाज ओळखीचा होता, म्हणून त्या सकाळी लोकांनी त्यावर विश्वास ठेवला. वर्षातून एकदाच वाजणाऱ्या भोंग्याला लोक ‘काय वाजतंय’ म्हणून बाहेर येऊन बघतात. आपल्या मनोरीला चर्च आहे, तिची घंटा आहे. पाद्रीबाबांशी आणि गावच्या पाटलांशी बोलून इशाऱ्याची घंटा रोजच्या घंटेहून कशी वेगळी वाजेल, हे ठरवून घ्यावे आणि मे महिन्यातल्या एखाद्या रविवारी मुद्दाम वाजवून दाखवावे.

बंदरावर धोक्याचा ‘तीन नंबरचा बावटा’ लागला की कोळ्याला काही समजावून सांगावे लागत नाही. बांगलादेशाने १९७० च्या भीषण वादळानंतर हीच कल्पना गावागावांत नेली: इशाऱ्याच्या पायरीप्रमाणे एक, दोन किंवा तीन बावटे, आणि सोबत हातभोंगा घेऊन घरोघर जाणारे स्वयंसेवक. तेथे एक धडा फार महाग पडला. १९९१ च्या वादळात मेलेल्यांमध्ये बायकांचे प्रमाण पुरुषांहून बरेच जास्त होते. इशारा पुरुषांना बाजारात आणि मशिदीत कळत होता, बाई घरात होती, आणि पुरुष परत आल्याशिवाय घर सोडायची तिची तयारी नव्हती. आज तेथील स्वयंसेवकांत जवळजवळ निम्म्या बायका आहेत. आपल्या दोनशे सभासदांत बायका किती, हे एकदा मोजून पाहावे.

यानंतरचे काम कंटाळवाणे आहे आणि तेच सर्वांत उपयोगी आहे. गल्लीवार घरांची यादी करावी. अंथरुणाला खिळलेले कोण, दिवस भरलेली बाई कोणत्या घरात, कोणाला ऐकू येत नाही, कोणाच्या पक्क्या घराला वर जायचा जिना आहे, कोणाकडे चालू स्थितीतला जनरेटर आहे, हे सगळे एका पानावर यावे. प्रत्येक पाच-सात घरांमागे दार ठोठावणारा एक माणूस ठरवावा आणि तो नसेल तर दुसरा. यादीत एक वस्ती हमखास सुटते: परप्रांतातून आलेले खलाशी. ते होडीवर किंवा किनाऱ्यावरच्या खोलीत झोपतात, कोणाच्या गल्लीत मोडत नाहीत आणि मराठी घोषणा त्यांना अर्धवट कळते. त्यांच्यातल्याच एकाला आपल्या यादीत दार ठोठावणारा म्हणून घ्या, आणि हिंदीतले दोन वाक्यांचे निवेदन आधीच लिहून ठेवा.

मनोरी आणि गोराईची आणखी एक अडचण आहे. शहराशी आपला जवळचा संबंध मार्वे आणि बोरिवलीच्या फेरीबोटीने आहे, आणि वारा वाढला की फेरी बंद होते. मग उरतो तो उत्तनहून भाईंदरला जाणारा लांबचा रस्ता. आजाऱ्याला हलवायचे असेल, तर फेरी चालू असतानाच, म्हणजे इशारा केशरी असतानाच हलवावे. लाल होण्याची वाट पाहिली तर रस्ता एकच उरतो आणि त्यावर झाड पडलेले असते.

पहारा रात्रभर ठेवायची गरज नाही. भरतीच्या दोन तास आधीपासून एक तास नंतरपर्यंत दोन माणसे धक्क्यावर आणि एक नाल्याच्या तोंडाशी असली की पुरते. मी काही वर्षांपूर्वी एका वाडीत असा पहारा पाहिला आहे. धक्क्यावरचा म्हातारा टॉर्च पाण्याकडे न धरता समोरच्या खांबावर धरून उभा होता. विचारले तर म्हणाला, “पाण्याकडं बघितलं की पाणी मोठं दिसतंय, खांबाकडं बघावं.”

स्वयंसेवकांना बचावाचे शिक्षण हवे असेल, तर राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘आपदा मित्र’ योजना आहे. पोहता येणारी कोळ्यांची मुले त्यात इतरांहून पुढे असतील, पण बुडणाऱ्या माणसाला धरायचे तंत्र वेगळे असते आणि ते शिकूनच घ्यावे.

प्रश्न : अडचणीत कोणत्या नंबरला फोन करावा? प्रत्येक जण वेगळा सांगतो.

उत्तर : मुंबईत पाणी साचणे, झाड पडणे, भिंत कोसळणे यांसाठी महापालिकेचा आपत्ती नियंत्रण कक्ष १९१६. जिवाला धोका असेल तर ११२. समुद्रात होडी संकटात असेल तर तटरक्षक दलाचा १५५४. हे तीन आकडे दाराच्या आतल्या बाजूला खडूने नव्हे, ऑइलपेंटने लिहावेत. सरकारी इशारे थेट फोनवर हवे असतील तर ‘सचेत’ हे ॲप आहे. त्यात मराठीची सोय आहे.

प्रश्न : मुंबईला त्सुनामीची भीती आहे का? तयारी वेगळी लागते का?

उत्तर : शक्यता कमी आहे, पण शून्य नाही. नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरानच्या किनाऱ्यावर झालेल्या भूकंपाच्या लाटा मुंबईपर्यंत पोहोचल्या होत्या आणि येथे माणसे दगावली होती. भूकंप इतक्या लांब झाला तर येथे हादरा जाणवेलच असे नाही, मात्र लाटेला यायला काही तास लागतात. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेत २००७ पासून त्सुनामी इशारा केंद्र आहे, त्यामुळे ते तास वाया जाऊ नयेत, एवढीच वेगळी तयारी. घंटा, बावटा, यादी हे सगळे तेच. फरक एक: वादळाच्या पाण्यात घराचा माळा चालतो, त्सुनामीत किनाऱ्यापासून आत आणि उंच जावे लागते, आणि पहिल्या लाटेनंतर कोणीही होडी बघायला खाली येऊ नये.

प्रश्न : मढला आमची होडी आहे. इशारा आला की पोलीस घर सोडायला सांगतात. पण होडी आणि जाळी सोडून कोणी जात नाही, मीही जात नाही. यावर उपाय आहे का?

उत्तर : आपण प्रामाणिकपणे लिहिलेत म्हणून प्रामाणिक उत्तर. होडी ही घरापेक्षा महाग असते आणि बँकेचा हप्ता तिच्यावर चालू असतो. ‘जीव महत्त्वाचा’ असे सांगून नाखवा, म्हणजे होडीचा मालक, हलत नाही, आणि सांगणाऱ्याला ते कळत नाही असेही नाही. माणसे वेळेवर हलायला हवी असतील, तर होडी त्यांच्याआधी हलली पाहिजे. चक्रीवादळाची पहिली सूचना साधारण ७२ तास आधी आणि सावधानतेचा इशारा ४८ तास आधी येतो. होडी वर ओढायची तर भरतीच लागते, आणि ४८ तासांत भरती चार वेळा येते. त्यांतल्या दोन जरी दिवसा मिळाल्या, तरी सोसायटीच्या सगळ्या होड्या पाळीने वर घेता येतात, मात्र पाळी, दोर, ओंडके आणि माणसे आधीच ठरलेली असावी लागतात. वर घेता न येणाऱ्या मोठ्या होड्या खाडीत आत नेऊन एकमेकींपासून सुरक्षित अंतरावर नांगराव्यात. तौक्तेच्या वेळी किनाऱ्यावर नांगरलेल्या कित्येक होड्या लाटांनी फुटल्या त्या शेजारच्या होडीवर आदळून.

जाळी, इंजिनाचे सुटे भाग आणि बोंबील वाळवायच्या वलांड्यांचे बांबू त्याच दिवशी उंचावर न्यावेत. होडीची नोंदणी, परवाना आणि विम्याची कागदपत्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरातल्या बाईच्या हाती द्यावीत, कारण घर सोडताना आधी तीच निघते. आणि वादळाआधी होडीचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवावेत. नुकसान झाल्यावर पंचनाम्याला येणारा माणूस होडी आधी कशी होती, असे विचारतो तेव्हा तोंडी उत्तराला किंमत राहत नाही. त्यांतल्या एका फोटोत तरी नाळेवरचा (होडीच्या पुढच्या टोकावरचा) नोंदणी क्रमांक स्पष्ट वाचता आला पाहिजे.